एकदा संपल्यावर पुन्हा खेळावेसे वाटत नाहीत, तरीही मनापासून आवडले असे व्हिडिओ गेम कोणते? असे गेम विकत घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, पैसे वाया जात नाहीत. माझ्या सगळ्यात लाडक्या तीन गेमपैकी दोन मला आता पुन्हा खेळताच येत नाहीत. कंटाळा आला असं नव्हे. त्या गेममध्ये करायचं असतं ते एवढंच की आपल्याला काहीतरी कळून घ्यायचं असतं. आणि एकदा कळलेलं डोक्यातून काढून टाकता येत नाही.

पहिला 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. 2018 साली ल्यूकस पोप या माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला, संगीतसुद्धा त्याचंच. 1802 साली लंडनहून पूर्वेकडे निघालेलं एक व्यापारी जहाज बेपत्ता होतं आणि 1807 साली फॉल्मथ बंदरात परत येऊन लागतं. वर जिवंत माणूस एकही नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. हातात साठ नावांची यादी, जहाजावरच्या लोकांची काही रेखाचित्रं आणि एक घड्याळ. मृतदेहाजवळ ते घड्याळ उघडलं की त्या माणसाच्या शेवटच्या काही सेकंदांचे आवाज ऐकू येतात, आणि मग तो क्षण गोठल्यासारखा समोर उभा राहतो. त्यात फिरायचं, वाकून बघायचं, कोण कुणाशेजारी उभा आहे ते लक्षात ठेवायचं आणि गेममधल्या पुस्तकात लिहायचं: हा कोण, कसा गेला, कुणी मारलं. तीन जणांचं सगळं बरोबर जुळलं तरच गेम ते पक्कं करतो, त्यामुळे ठोकताळ्यानं फार पुढं जाता येत नाही. चित्रं फक्त दोन रंगांची, ठिपक्याठिपक्यांची, जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसारखी. पहिली दहा मिनिटं डोळ्यांना त्रास होतो, मग सवय होते.

या गेमनं मला इतकं का धरलं ते बेळगावच्या माणसाला चटकन कळेल. जहाजावर कितीतरी देशांचे लोक आहेत आणि त्यांना ओळखायची एक मोठी खूण म्हणजे बोली. आपण सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या बस स्टँडवर, बसची वाट बघत उभं राहिलो तरी हेच करतो की नाही? 'पण'च्या जागी 'खरं' म्हणणारा आपल्यातला, हेल काढून बोलणारा चंदगडकडचा, मराठी बोलता बोलता आकडे मात्र कन्नडमध्ये मोजणारा गोकाककडचा. दोन वाक्यांत गाव कळतं. लहानपणापासून हाच अभ्यास झालेला, त्यामुळे ओब्रा डिनमध्ये एक माणूस मी नुसत्या त्याच्या बोलण्यावरून ओळखला तेव्हा रात्री दीड वाजता खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

वर्षभरानं तो गेम परत उघडला. पहिल्या मृतदेहाजवळ गेले, तर नाव, हुद्दा, मारणारा, सगळं आठवत होतं. शोधायला काही उरलंच नव्हतं. पंधरा मिनिटांत बंद केला.

मग दोन पावसाळ्यांपूर्वी मामाकडं गेले होते, जांबोटीच्या पुढं. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, एकदा लागला की दोन-दोन दिवस करंट नसतो. लॅपटॉपमध्ये 61 टक्के चार्ज होता. मामेभाऊ सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, त्याच्यासोबत त्याचा वर्गातला मित्र, घरी कन्नड बोलणारा. दोघं मोबाइलवर नुसते गोळ्या झाडायचे गेम खेळणारे. मी ओब्रा डिन लावून दिला आणि म्हटलं, मी फक्त इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगणार, बाकी तोंड उघडणार नाही. टॉपमन म्हणजे डोलकाठीवर चढून शिडं बघणारा खलाशी, स्ट्युअर्ड म्हणजे अधिकाऱ्याची सेवा करणारा, एवढंच.

भावानं मामाची दुधाच्या हिशोबाची जुनी वही घेतली, मागच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. चेहरा, कपडे, बोली, कुणाजवळ उभा आहे. पुढच्या पानांवर म्हशीचं दूध किती लिटर, फॅट किती, आणि मागच्या पानांवर साठ खलाशी. त्याचा मित्र स्क्रीनला नाक लावून बसलेला. एका ठिकाणी भाऊ म्हणाला, "अक्का, ह्यो माणूस त्यो नव्हेच. मघाशी बघितलेला त्यो वायला." मला नाव तोंडावर आलं होतं. चहा ठेवते म्हणून उठून आत गेले, कारण तिथं बसले असते तर बोलून गेले असते.

चहा घेऊन आले तर दोघं एका बारीक गोष्टीवर अडून बसले होते, जी मी माझ्या वेळी बघितलीच नव्हती. खरं सांगते, जहाजावरचे तीन-चार जण मी अंदाजानं लिहिले होते, जुळले तेव्हा पुढं गेले होते. या पोरांनी ते पुराव्यानं काढले. कशावरून ते इथं लिहीत नाही, तुमची मजा जाईल. गेममधल्या पुस्तकात तिघांची नावं पक्की झाली तेव्हा तो मित्र "गोत्तातु! गोत्तातु!" म्हणून ओरडला, म्हणजे कळलं कळलं, आणि मामी आतून घाबरून बाहेर आली. चार्ज नऊ टक्क्यांवर आला होता.

म्हणून मला वाटतं की अशा गेमची दुसरी फेरी आपली नसतेच. ती शेजारी बसलेल्या माणसाची असते, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी बघायचं. रीप्ले व्हॅल्यू नाही, म्हणजे पुन्हा खेळण्यासारखं काही नाही, असं ज्या गेमबद्दल लिहितात, त्यातल्या निम्म्यांना ही रीत लागू पडते.

दुसरा गेम 'आउटर वाइल्ड्स', 2019 चा. अॅलेक्स बीचम यानं कॉलेजच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी याची सुरुवात केली होती आणि पुढं या गेमला बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्तम गेमचा मान मिळाला. लाकडाचं, ठोकून-जोडून केलेलं एक यान, छोटीशी सूर्यमाला, आणि दर 22 मिनिटांनी सगळं पहिल्यापासून. यात नवं हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही, किल्ली सापडत नाही. पहिल्या मिनिटाला जेवढं सामान असतं जवळपास तेवढ्याच सामानावर शेवट गाठायचा. वाढतं ते फक्त आपलं ज्ञान. सगळं माहीत असेल तर हा गेम पहिल्याच फेरीत संपवता येतो, आणि म्हणूनच माहीत असणाऱ्याला त्यात काही उरत नाही. मी त्याचं संगीत मात्र अजून ऐकते. शेकोटीजवळ वाजणारी ती बँजोची धून लागली की पोटात कसंतरी होतं.

'पोर्टल' (2007) त्याच जातीचा, एकोणीस खोल्यांची कोडी, दोन-तीन संध्याकाळी पुरतो. कोडी सुटली की सुटली. 'हर स्टोरी' (2015) मध्ये एका बाईच्या पोलीस जबानीचे तुकडे शब्द टाइप करून शोधायचे असतात आणि प्रत्येक शब्दाला पहिले पाचच तुकडे दिसतात. कोणता शब्द टाकायचा ते सुचणं हाच सगळा खेळ आहे.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' (2017) मी पुन्हा खेळत नाही त्याचं कारण वेगळं. दोन-तीन तासांचा गेम, एका कुटुंबातल्या माणसांच्या मरणाच्या गोष्टी. त्यात माशांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाचा भाग आहे. एका हातानं मासा उचलायचा, पात्याखाली धरायचा, पुढं ढकलायचा, पुन्हा उचलायचा. आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं त्याच्या मनातल्या राज्यात चालायचं. हळूहळू ते राज्य स्क्रीनभर पसरतं, हात मात्र मासे कापतच असतो. माझे बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, तीस वर्षं होते. त्यांना बोलावून तेवढाच भाग दाखवला, शेवटाआधी बंद केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असंच असतंय गं. हात चालतोय, डोकं कुठं असतंय कुणाला ठाऊक." तीस वर्षांत कामाबद्दल बाबा एवढं कधी बोलले नव्हते. तो गेम मी परत उघडलेला नाही, उघडणारही नाही.

आपल्याकडचाही एक सांगते. 'राजी: अॅन एन्शंट एपिक', 2020, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, मागं विष्णू आणि दुर्गा यांचा संवाद. किल्ले आणि भिंतींवरची चित्रं बघत मी जागोजाग थांबले. लढाया मात्र पुढं पुढं एकसारख्या वाटतात आणि वाट एकच, त्यामुळे एकदा पुरे. तो एकदा जरूर खेळा.

आता उलटं उदाहरण, कारण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली दिसते की चांगला गेम पुन्हा पुन्हा खेळावासा वाटलाच पाहिजे. 2000 साली आलेला 'प्रोजेक्ट आयजीआय' हा गोळ्या झाडायचा गेम आमच्या पिढीतल्या प्रत्येकानं वीस-वीस वेळा खेळला असेल. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही, मेलं की पहिल्यापासून. कोणता पहारेकरी कोणत्या कोपऱ्यावर वळतो ते दादाला नि मला पाठ होतं. खरं आमच्याकडं सीडी एकच होती. दुसरी असती तर तोच गेम एवढा खेळलो असतो असं मला वाटत नाही. पुन्हा खेळणं कधी गेमच्या गुणामुळं होतं, कधी दुसरं काही नसल्यामुळं, आणि त्या वयात आपल्याला ते वेगळं करता येत नाही.

ओब्रा डिनवाल्या पोपचाच 'पेपर्स, प्लीज' (2013) मात्र खरोखर परत खेळण्यासारखा आहे. सीमेवरच्या चौकीत बसून लोकांचे कागद तपासायचे, आणि शेवट वीस प्रकारचे. 2021 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कोविडचा रिपोर्ट हातात धरून रांगेत उभं राहिल्यावर मी तो परत खेळले, आणि त्या वेळी खिडकीतून कुणालाच माघारी पाठवायला हात उचलेना.

पैशांचं म्हणाल तर मी हे सगळे सेल लागल्यावर घेतले, तुम्हीही तसंच करा. पण रुपये भागिले तास असा हिशोब घालू नका. एडिथ फिंच तीन तासांत संपला, बाबांचं ते वाक्य घरात अजून आहे.

सुरुवात ओब्रा डिनपासून करा. यूट्यूबवर काही बघू नका, कमेंटसुद्धा वाचू नका. एक वही घ्या, हेडफोन लावा, आणि घरात कुणी चौकस माणूस असेल तर शेजारी बसवा. अडलात तर इथंच विचारा. नाव सांगणार नाही, कुठं बघायचं तेवढं सांगेन.