झाड नंतर, आधी खिडकी बघा

मागच्या अंकात घरातल्या, कमी कटकटीच्या झाडांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप असं मिळून बरंच काही आलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे नाव नाही दिसलं तरी तुमचं उत्तर यातच असेल.

ताई, आमचा वन बीएचके, समोर लगेच दुसरी बिल्डिंग, ऊन म्हणून घरात येतच नाही. दोघंही सकाळी लोकल पकडतो ते थेट रात्री घरी. कुठली झाडं जगतील? (डोंबिवली)

रविवारी दुपारी बारा वाजता घरातले सगळे दिवे बंद करा आणि जिथे कुंडी ठेवायचीये तिथे बसून पेपर वाचून बघा. अक्षरं आरामात दिसली तर झाड जगेल. डोळे ताणावे लागले तर तिथे काहीही ठेवू नका, नर्सरीवाला कितीही म्हणू दे की "मॅडम हे अंधारात पण चालतं". अंधारात कुठलंच झाड चालत नाही, फक्त काही झाडं मरायला जास्त वेळ घेतात, आणि तोपर्यंत आपल्याला वाटत राहतं की छान चाललंय.

पेपर वाचता येत असेल तर तीन नावं सांगते, झीझी (नर्सरीत ZZ प्लांट म्हणून मिळतं), स्नेक प्लांट आणि मनी प्लांट. तुमच्या धावपळीत मी पहिला नंबर झीझीला देईन. ते मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, तिथल्या कोरड्या महिन्यांसाठी मातीखाली बटाट्याएवढे गड्डे करून त्यात पाणी साठवतं, म्हणजे तुम्ही पंधरा-वीस दिवस विसरलात तरी त्याला फरक पडत नाही, उलट बरंच वाटतं. वाढतं मात्र सावकाश, वर्षात चार-पाच नवे दांडे आले तरी खूप, तेव्हा "वाढतच नाही" म्हणून खत ओतत बसू नका.

नर्सरीत गेलात की पानं उलटी करून बघा आणि देठाच्या बेचक्यात बघा, पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ती कुंडी घरी आणायचीच नाही. दुसरं म्हणजे माती. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बराच माल बाहेरून ट्रकने येतो, आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्या तर देशभर रोपं पाठवतात, आणि प्रवासात मुळांभोवतीचा गोळा फुटू नये म्हणून माती चिकट असते. घरात हीच माती आठ-आठ दिवस ओली राहते. रोप आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, दोन-तीन आठवडे त्याला घराची सवय होऊ दे, मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि जाडसर वाळू किंवा पर्लाइट (हलके पांढरे खडे) घालून माती मोकळी करा. कुंडीला भोक हवंच. भोक नसलेली सुंदर सिरॅमिक कुंडी आवडली असेल तर आतमध्ये प्लास्टिकची साधी कुंडी ठेवा.

स्नेक प्लांट आठवड्यातून दोनदा पाणी घालूनही खालून पिवळं आणि मऊ पडलंय. पाणी वाढवू का? (पुणे)

नको नको! पाण्यानेच झालंय ते. या झाडाचा कारभार उलटा असतो, दिवसा पानांची छिद्रं मिटलेली आणि रात्री उघडी, त्यामुळे पाणी फार कमी उडतं आणि लागतंही कमी. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा किंवा तेही नाही. वार ठरवून पाणी घालायची पद्धतच बंद करा. अगरबत्तीची काडी मातीत खालपर्यंत खुपसा, माती चिकटून आली तर पाणी नाही, कोरडी आली तर भरपूर घाला, खालून वाहेपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. रोज अर्धा पेला घालणं सगळ्यात वाईट.

आता असलेलं झाड उपटून मुळं बघा. काळी, वास येणारी सगळी कापून टाका, चांगला भाग सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या आणि कोरड्या मातीत लावा. गड्डाच सडला असेल तर वरच्या निरोगी पानाचे चार-चार इंचाचे तुकडे करून खोचा, फुटतील, दोनेक महिने लागतात. खालची बाजू खालीच राहू दे, उलटं लावलं तर मूळ धरत नाही. आणि तुमचं पिवळ्या काठाचं असेल तर पानाच्या तुकड्यातून येणारं रोप हिरवंच येणार, पिवळा काठ हवा असेल तर गड्ड्यासकट फुटवा वेगळा करावा लागतो.

सासूबाई म्हणतात रात्री बेडरूममध्ये झाड नको, मिस्टर म्हणतात नासाने सांगितलंय हवा शुद्ध होते. कोण बरोबर? (नाशिक)

दोघंही थोडे थोडे चुकीचे, आता घरात हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा. झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण एका कुंडीचा हिशोब इतका किरकोळ की शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट जास्त सोडतो. नासाचा अभ्यास 1989 चा, खराच आहे, पण तो हवाबंद छोट्या पेट्यांमध्ये केलेला होता. आपलं घर पेटी नाही, दारं-खिडक्यांतून हवा बदलतच असते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने सगळे प्रयोग एकत्र तपासले, तर घरात एरवी जेवढी हवा बदलते तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असा हिशोब निघाला. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वदेक कुंड्या, मग पलंग कुठे ठेवणार? झाड आवडतं म्हणून ठेवा, हवेसाठी खिडकी उघडा.

बाटलीतला मनी प्लांट दोन वर्षं तेवढाच आहे. शिवाय डेंग्यूच्या तपासणीला आलेल्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. (ठाणे)

बरोबरच दाखवलं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी बदलायचंच, घरातली सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळतो तसं. नुसतं ओतून पुन्हा भरू नका, बाटली आतून ब्रशने घासा कारण अंडी काचेला चिकटून राहतात.

वाढीचं म्हणाल तर नुसत्या पाण्यात खायला काय आहे त्याला? मातीत लावा आणि वर चढायला काठी द्या, काथ्या गुंडाळलेली चालेल. हा वेल मुळात पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरचा, चढायला मिळालं की पानं मोठी होतात, कोकणात माडावर चढलेला बघितलाय ना, ओळखू येत नाही इतकी मोठी पानं असतात. टांगून खाली सोडला की पानं लहानच राहणार. कटिंग घेताना पेर हवंच, पेराशिवाय नुसतं पान लावलं तर मूळ फुटेल एखादवेळेस पण वेल नाही होणार. आणि हो, चोरून आणलेला जास्त वाढतो असं काही नाही, शेजाऱ्यांना मागा, देतात.

हॉस्टेलच्या टेबलावर ठेवायला एकच झाड हवंय, बजेट नाही. (कोल्हापूर)

मैत्रिणीकडून मनी प्लांटचं कटिंग घे. फुकट.

घरात मांजर आहे आणि नातू रांगतोय. काय ठेवू? (म्हापसा)

मनी प्लांट, झीझी, पीस लिली आणि डिफेनबेकिया या चौघांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. डिफेनबेकिया तर तुम्ही आणूच नका. स्नेक प्लांटनेही मांजराला उलट्या होऊ शकतात. तुमच्यासाठी स्पायडर प्लांट आणि अरेका पाम, दोन्ही बिनविषारी. स्पायडर प्लांट ही आपल्या सफेद मुसळीची चुलत बहीण, त्या मुसळीच्या शास्त्रीय नावात चक्क आपलं बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम. मांजराला स्पायडर प्लांटची लोंबती पानं खेळायला फार आवडतात, तेव्हा उंच टांगा. टोकं तपकिरी झाली तर बोअरच्या पाण्यातले क्षार हे एक कारण, पावसाचं पाणी साठवून घालून बघा, झाकण लावून साठवा.

मे महिन्यात तीन आठवडे गावी जातोय. कुंड्यांचं काय? (नागपूर)

झीझी आणि स्नेक प्लांटला निघायच्या आदल्या दिवशी पाणी घाला आणि विसरा. बाकीच्या कुंड्या खिडकीपासून चार हात आत घ्या, एकमेकींना चिकटून ठेवा, मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा. मनी प्लांट आणि पामसाठी बादलीभर पाणी जरा उंचावर ठेवून जाड सुती दोरीचं एक टोक त्यात बुडवायचं आणि दुसरं कुंडीतल्या मातीत खोचायचं, दोरी आधी भिजवून घ्या. बादलीवर कापड बांधा, डासांचं वर सांगितलंच. शेजाऱ्यांना किल्ली देणार असाल तर आठवड्यातून एकदाच या असं कागदावर लिहून दाराच्या आतून चिकटवा, कारण प्रेमळ शेजारी रोज येऊन पाणी घालतात.