रेडिएशनमध्ये तोंडाची चव वाचवता येते का?

तुमच्या वडिलांच्या उजव्या गालातील गाठ काढली असून आता तेथे रेडिएशन द्यायचे आहे, आणि चव जाऊ नये म्हणून काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. याच उपचारातून मी गेलो आहे. चवीची हमी कोणीच देऊ शकत नाही. मात्र जे वाचवता येते त्यातले बरेचसे उपचार सुरू होण्याआधीच वाचवावे लागते.

रेडिएशनच्या वेळी डोके स्थिर ठेवणारा मास्क करायला बोलावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा की उपचार आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करण्याच्या पद्धतीने होणार का, कारण तिच्यात लाळग्रंथींवर व जिभेच्या निरोगी भागावर पडणारी किरणांची मात्रा कमी ठेवता येते. दुसरे, दंतविभाग तोंडात धरायचा स्टेंट करून देईल का, हेही विचारा. अ‍ॅक्रिलिकचा हा ठोकळा दातांत धरला की जीभ किरणांपासून दूर, डाव्या बाजूला सरकून राहते. तो तोंडात ठेवूनच मास्क आणि नियोजनाचा सीटी स्कॅन होतो, त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर तो मागून फारसा उपयोग नसतो. किडलेले दातही याच वेळी दाखवून घ्यावेत.

एवढे करूनही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चव उतरू लागते, कारण रुचिकलिकांतील, म्हणजे चव ओळखणाऱ्या जिभेवरील सूक्ष्म कळ्यांतील, पेशी सुमारे दहा दिवसांनी बदलतात आणि किरणांमुळे नव्या पेशी तयार होणे मंदावते. शिवाय लाळ आटली की पदार्थ विरघळून जिभेपर्यंत पोहोचतच नाही. मला चहा नुसते कोमट पाणी वाटे, आणि वरणभात ओल्या पिठासारखा लागे.

झिंकच्या गोळ्या घेण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत त्यांचा चवीसाठी फायदा दिसला नाही. माझ्या मते त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. तंबाखू तर पूर्ण बंदच हवी. स्टीलच्या चमच्याने तोंडात धातूची चव येत असेल, तर लाकडी चमचा वापरून पाहावा.

बहुतेकांची चव उपचारानंतर काही महिन्यांत हळूहळू परतते, काहींची पूर्ण परतत नाही. तोवर चव लागेल तेव्हा जेवू, असे म्हणून वडिलांनी थांबू नये. औषधासारखे ठरल्या वेळी मऊ भात, अंडे, दूध, पनीर द्यावे, वजन दर आठवड्याला पाहावे, आणि ते घसरून डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्यास सांगितले तर नकार देऊ नये.