आठवणींचं मॉडेल बनवायचंय, पण बायोलॉजी तर सुटलंय!

तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, मेंदूत आठवणी कशा तयार होतात नि साठतात ते कॉम्प्युटरवर मॉडेल करायचंय, पण शाळेनंतर बायोलॉजी सुटलं म्हणून टेन्शन, आणि बाबा विचारतायत यात नोकरी कुठली.

बायोलॉजी नंतर शिकता येतं गं, गणित कच्चं राहिलं तर मात्र पुढे फार जड जातं. लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कोडिंगसाठी पायथन पक्कं कर. जॉन हॉपफिल्डसुद्धा फिजिक्सचेच, त्यांनी 1982 मध्ये आठवणीचं जे मॉडेल मांडलं त्यासाठी 2024 चं फिजिक्सचं नोबेल त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासोबत मिळालं.

तेच मॉडेल तू या सुट्टीत स्वतः लिही. 100 न्यूरॉन (मेंदूतल्या पेशींची साधी नक्कल) घे, प्रत्येक एकतर चालू नाहीतर बंद, आणि एखाद्या पॅटर्नमध्ये, म्हणजे कोण चालू नि कोण बंद या मांडणीत, जे दोन न्यूरॉन सारख्याच अवस्थेत असतील त्यांच्यातलं कनेक्शन वाढव, नसतील तर कमी कर, हा नियम डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून आलाय. मग त्याच पॅटर्नचा थोडा बिघडवलेला तुकडा दे, नेटवर्क अख्खा पॅटर्न आठवून काढतं, पहिल्यांदा बघताना भारी वाटतं! आता एकेक नवीन रँडम पॅटर्न घालत जा. साधारण 13-14 च्या पुढे गेलीस की सगळा गोंधळ होतो, जुनंही आठवेना नि नवंही.

खरा विषय इथेच सुरू होतो, कारण आपण रोज नवं काहीतरी शिकतो, मग जुनं का पुसलं जात नाही? 1995 मध्ये मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओ'रायली या संशोधकांनी मांडलं की हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतला, नव्या आठवणींसाठी लागणारा भाग) पटकन शिकतो आणि कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) तेच परत परत दाखवून हळूहळू शिकवतो. 1953 मध्ये हेन्री मोलेसन या पेशंटच्या मेंदूच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला, त्यानंतर नवीन प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनात पण लहानपणीचं बरंच आठवायचं, ते या कल्पनेशी जुळतं. नेटवर्क कोलमडल्यावर तुला कंटाळा न येता "असं का झालं" हेच डोक्यात घोळत राहिलं तर बिनधास्त या फील्डमध्ये ये.

बाबांना मात्र स्पष्ट सांग, रिसर्च करायचा तर पीएचडी जवळपास लागतेच, नंतर काही वर्षं पोस्टडॉक, म्हणजे रिसर्चची टेम्पररी नोकरी, आणि कायमच्या जागा कमीच. पण हेच गणित आणि कोडिंग मशीन लर्निंगमध्ये, डेटाच्या कामात चालतं, त्यामुळे मधेच वाट बदलावी लागली तरी शिकलेलं फुकट जात नाही.

आणि प्रोजेक्ट घेताना शक्यतो अशी लॅब बघ जिथे न्यूरॉनचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग होतं. तो डेटा फार नॉइझी असतो, सुरुवातीला वैताग येईल, पण मॉडेलमध्ये काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते तिथेच कळतं.