हळदीकुंकू आणि दहाची नोट

प्रिय मनू,

"हळदीकुंकवाला फक्त बायकाच का?" असं फोनवर विचारलंस आणि मी हसून टाळलं. आता सांगते.

माझ्या आजीच्या काळी बाईला घराबाहेर पडायला कारण लागे. हळदीकुंकू हे हक्काचं कारण. वाण, अत्तर, ओटी आणि त्याआडून पोटातलं बोलणं. मात्र शेजारच्या विधवा काकूंना बोलावणं जात नसे. ते मला अजून खुपतं.

आता पाकिटातली न्यूझीलंडची दहा डॉलरची नोट काढ. त्यावरची केट शेपर्ड, इथल्या बायकांच्या मतहक्काच्या लढ्याची पुढारी, 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' या बायकांच्या दारूविरोधी संघटनेची. नवऱ्याच्या दारूपायी घरं बुडताना पाहून अमेरिकेतल्या ख्रिस्ती बायका प्रार्थना म्हणत गुत्त्यांच्या दारात उभ्या राहिल्या, आणि 1874 मध्ये क्लीव्हलँडला ही संघटना झाली. पांढरी फीत ही त्यांची खूण. 1885 मध्ये ती इथं न्यूझीलंडला पोचली. दारू रोखायची तर कायदा हवा, कायद्याला मत हवं, आणि मत तर बायकांना नव्हतंच! मग दारोदार सह्या. 1893 च्या मोठ्या अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून झाडूच्या दांड्याला गुंडाळले आणि संसदेत जमिनीवर उलगडत सोडले. जवळपास 270 मीटर! त्याच वर्षी इथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. ते भेंडोळं वेलिंग्टनला काचेआड ठेवलंय.

आणि यात आपलं माणूसही आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहून या बायकांचं काम त्यांनी जवळून पाहिलं. परतल्यावर त्याबद्दल मराठीत लिहिलंही. स्वतः चोविसाव्या वर्षी विधवा झालेल्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' उघडलं, ते मुख्यतः विधवांसाठी. पहिल्या मुलींमध्ये बालविधवा गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केलं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्याने त्यांना फार बोल लावले. विधवांना वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्यांनी ते करावं, याची गंमत वाटते.

यंदा आपल्याकडे बोलावण्याच्या यादीत वरच्या मजल्यावरच्या मावशीही आहेत. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तिळगुळाचे लाडू वळायला येणार असशील तर शुक्रवारची बस पकड.

तुझी,
आई