विचारा, सांगते : इंग्रजी ऐकण्याची परीक्षा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. गावातून पुण्याला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शुल्क भरायची तयारी दाखवली, म्हणून यंदा चौथीच्या मुलांना केंब्रिजच्या 'स्टार्टर्स' या लहान मुलांच्या इंग्रजी परीक्षेला बसवत आहोत. वाचायला-लिहायला मुलं बरी आहेत. पण ऐकण्याचा नमुना ऑडिओ लावला की सगळी माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. एक उत्तर हुकलं की पुढची सगळी सोडून देतात. शब्द तर त्यांना येतात! काय करू? आणि नापास झाली तर गावात काय सांगू?
— एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, मुलं तुमच्या तोंडाकडे पाहतात ती मराठीची वाट पाहत. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. केंद्रप्रमुख म्हणून मी जे वर्ग पाहिले, त्यातल्या बहुतेकांत एकच चाल ऐकली : 'ओपन युवर बुक, पुस्तक उघडा. स्टँड अप, उभे राहा.' मूल हुशार असतं. मागोमाग मराठी येणारच आहे हे त्याला ठाऊक असतं, मग ते इंग्रजीकडे कान कशाला देईल? ऑडिओत ती मराठी येत नाही आणि मूल तिथेच अडतं. म्हणून शब्दांच्या याद्या आता वाढवू नका. आधी अनुवाद बंद करा.

दिवसभर बंद करा असं म्हणत नाही. रोज परिपाठानंतरची दहा मिनिटं ठरवून घ्या. त्या दहा मिनिटांत सूचना फक्त इंग्रजीत द्यायची आणि गप्प राहायचं. हातवारे चालतील, वस्तू दाखवलेली चालेल, एखाद्या मुलाला आधी करून दाखवायला लावलेलं चालेल. मराठी चालणार नाही. सुरुवातीला वर्ग नुसता बसून राहील. बसू द्या, त्या शांततेला घाबरू नका. तुमच्या भागात घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी मुलं असतील, तर त्यांना मराठीच्या वळणाने इंग्रजीकडे नेणं म्हणजे दोन नद्या ओलांडायला लावणं आहे. थेट वस्तू आणि कृती दाखवली तर त्या मुलांचं काम सोपं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि उत्तर तोंडाने मागू नका, हाताने मागा. ऐकण्याच्या या पेपरात मुलांना एक वाक्यही बोलायचं किंवा लिहायचं नसतं. साधारण वीस मिनिटांत चार भाग, प्रत्येकात पाच असे 20 प्रश्न, आणि प्रत्येक भाग दोनदा ऐकवतात. पहिल्यात नावापासून चित्रातल्या माणसापर्यंत रेघ ओढायची, दुसऱ्यात नाव किंवा आकडा लिहायचा, तिसऱ्यात तीन चित्रांतल्या एकावर खूण करायची, चौथ्यात सांगितल्याप्रमाणे रंगवायचं. म्हणजे ऐकायचं आणि करायचं. सराव तसाच हवा.

चौथा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. चित्रात चेंडू एकच नसतो, अनेक असतात. टेबलाखालचा हिरवा करा, खुर्चीवरचा निळा करा, असं सांगतात. मुलांना 'बॉल' कळतो, 'ग्रीन' कळतो, तरी ती भलताच चेंडू रंगवतात. कारण आपण मराठीत 'टेबलाखाली' म्हणतो : आधी टेबल, जागा नंतर. आपल्या मुलाचा कान वस्तूच्या नावानंतर जागा शोधतो. इंग्रजीत 'अंडर' आधीच येऊन गेलेला असतो, आणि 'इन', 'ऑन' तर इतके पुसट उच्चारतात की निसटूनच जातात. म्हणून इन, ऑन, अंडर, बिहाइंड, बिट्वीन, नेक्स्ट टू, इन फ्रंट ऑफ हे शब्द पाठ करून घेऊ नका, हातून करून घ्या. खडूचा तुकडा, दप्तर, पाण्याची बाटली एवढं पुरे. 'पुट द चॉक अंडर द बॅग' असं सलग, नेहमीच्या वेगाने म्हणा. 'अंडर'वर जोर देऊ नका, परीक्षेत कोणी देणार नाही.

ऑडिओचा वेग कमी करून लावू नका, ही चूक फार दिसते. वेग कमी केला की शब्द सुटे पडतात आणि मुलांना सुट्या शब्दांचीच सवय लागते. वेग तोच ठेवा, हवं तर दोन वाक्यांच्या मध्ये थांबवा.

दुसऱ्या भागात नावाचं स्पेलिंग एकेक अक्षराने सांगतात आणि आपली मुलं स्वरांत फसतात. कानावर 'ए' पडला की ती ई लिहितात, 'ई' पडला की आय लिहितात. त्यांच्या डोक्यात 'मीना'ची ई आणि 'एकनाथ'चा ए पक्का बसलेला असतो. त्यातून बी, डी, पी, टी, जी या सगळ्यांचा शेवट सारखा. 'एट' आणि 'एच' यांतही घोटाळा होतो. यावर रोज दोन-तीन नावं ऐकून लिहिणं हाच उपाय. 'डबल टी' म्हणजे तेच अक्षर दोनदा, हेही सांगून ठेवा. आकडे वीसपर्यंतचेच असतात, त्यांची काळजी करू नका.

पहिल्या भागातली नावं मुलांना परकी असतात : ह्यूगो, ग्रेस, जिल, सू. ॲलेक्स, सॅम, पॅट, किम ही तर मुलाचीही असतात आणि मुलीचीही, हे त्यांना आधी सांगा. पण वर्गातल्या मुलांना ही नावं देऊ नका. मुलाचं नाव घरच्यांनी ठेवलेलं असतं, परीक्षेसाठी ते बदलायचं नाही. त्यापेक्षा फळ्यावर तान्ह्या पोळ्याचं चित्र काढा. एक पोरगा लाकडी बैल ओढतो आहे, एक पोरगी डोक्यावर टोपी घालून उभी, एक जण केळं खातो आहे, दोघं झाडाखाली बसले आहेत. बाजूला नावं लिहा आणि 'द बॉय विथ द बनाना इज ह्यूगो' असं सांगत जा. रेघ मुलं ओढतील. चित्र ओळखीचं असलं की सगळं लक्ष ऐकण्याकडे राहतं.

तिसऱ्या भागात एकच युक्ती असते. तिन्ही चित्रांतल्या गोष्टींचा उल्लेख होतो, आणि 'नो, इट इझन्ट' म्हणत त्यांतल्या दोन बाद होतात. पहिला ओळखीचा शब्द कानावर आला की खूण करायची नाही, वाक्य संपेपर्यंत पेन्सिल वर धरायची.

एक हुकलं की पुढचं सगळं जातं, ही सवय सरावाने मोडते. पहिल्यांदा ऐकताना फक्त बोट ठेवायला सांगा. दुसऱ्यांदा पेन्सिल. जे कळलं नाही तिथे बारीक ठिपका देऊन पुढे जायचं. अधूनमधून मुद्दाम मोठा आवाज करून एखादं वाक्य बुडवा आणि पुढचं वाक्य कोणी पकडलं ते पाहा. ज्याने पकडलं त्याचं कौतुक सगळ्यांसमोर करा.

आवाजही बदलते हवेत. ऑडिओत मोठी माणसं असतात आणि लहान मुलंही, तेही ब्रिटिश धाटणीचं बोलणारी. 'कार'मधला शेवटचा र ऐकूच येत नाही. केंब्रिजच्या संकेतस्थळावर नमुना पेपर आणि त्यांचे ऑडिओ मोफत मिळतात. तालुक्याला जाल तेव्हा उतरवून मोबाइलमध्ये ठेवा, गावात रेंजच्या भरवशावर राहू नका. शिवाय भंडारा-चंद्रपूरकडच्या ओळखीच्या शिक्षकांना व्हॉट्सॲपवर चार सूचना बोलून पाठवायला सांगा, तुम्ही त्यांना पाठवा. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर स्टुलावर ठेवा. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथे सतरंजी अंथरा. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला तर तो तास सोडून द्या. स्पीकर रात्रीच चार्ज करा. आणि खिचडी शिजायच्या वेळी ऐकण्याचा तास ठेवू नका.

वेळापत्रक आखताना कापसाचा हिशेब धरा. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, वेचणी लागली की वर्ग विरळ होतो. मुख्य तयारी त्याआधी उरकली पाहिजे. वेचणीच्या दिवसांत येतील त्या मुलांकडून जुनंच पक्कं करून घ्या.

नापास होण्याचं म्हणाल, तर या परीक्षेत नापास कोणी होत नाही. गुणांऐवजी प्रत्येक कौशल्यासाठी एक ते पाच ढाली (शील्ड) मिळतात आणि प्रमाणपत्र प्रत्येक मुलाला मिळतं. हे पालकसभेत आजच सांगा, निकालानंतर नको.

प्रश्न : मॅडम, मी सातवी शिकली. माझी पोरगी चौथीत आहे, तिची इंग्रजी ऐकायची परीक्षा आहे म्हणते. मले इंग्रजी येत नाही. घरी काय मदत करू? कधी कधी मराठीत हाक मारली तरी ती दोनदा 'काय?' म्हणते.
— एक आई, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, इंग्रजी येत नाही म्हणून काही अडत नाही. तिला मराठीतच एका दमात तीन कामं सांगा : 'चुलीजवळची वाटी घे, तिच्यात तीळ टाक आन् आजीले दे.' पुन्हा सांगू नका. तिन्ही लक्षात ठेवून केली तर तिचा कान तयार होतो आहे. शाळेतून ऑडिओ दिला असेल तर संध्याकाळी लावा, तिला चित्रावर बोट ठेवू द्या आणि जवळ बसा. बरोबर की चूक ते मॅडम पाहतील.

पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पोरगी मराठीतही दोनदा 'काय?' म्हणत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, तर ही परीक्षेची गोष्ट नाही, कानाची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्यांची वाट पाहू नका, आताच ग्रामीण रुग्णालयात नेऊन कान दाखवा. तिथे सोय नसेल तर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयाची चिठ्ठी मागा. कानात तेल, लसणाचा रस काही घालू नका, काडीने कोरू नका. तपासणी होईपर्यंत तिला वर्गात पुढच्या ओळीत, स्पीकरसमोर बसवायला तिच्या मॅडमला सांगा.