व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचार दिले, तर कायद्याचा धाक राहील का?

मी सांगलीत फौजदारी वकिली करतो आणि अमली पदार्थांच्या खटल्यांत बहुधा आरोपीच्या बाजूने उभा असतो; माझे मत तिकडे झुकलेले वाटले, तर त्याचे कारण आधीच सांगून ठेवलेले बरे.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, २० किलोंच्या पुढे गेला की व्यापारी प्रमाण. २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कुपवाडला आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीला मेफेड्रोन या रासायनिक अमली पदार्थाचे मोठे साठे पकडले गेले. अशा प्रकरणांत कलम ३७ मुळे जामीन मिळणे फार कठीण असते, आणि ते तसेच राहावे. आपण म्हणता तो धाक तिथे हवा.

आता दुसरे टोक. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा १९ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली १५ ग्रॅम गांजाची पुडी होती. जामीन मंजूर झाला. पण ऐपतदार जामीनदार म्हणजे सातबारा किंवा पगारपत्रक, आणि त्याच्या ओळखीत दोन्हींपैकी काहीच नव्हते, म्हणून तो २२ दिवस आत राहिला. त्याच सुमारास तेवढ्याच गांजासह सापडलेल्या एका महाविद्यालयीन मुलाचे वडील दुपारीच सातबारा घेऊन आले आणि मुलगा रात्री घरी जेवला. हमाल मुलाची रोजंदारी मात्र गेली, आणि व्यसनाबद्दल त्या २२ दिवसांत त्याच्याशी कोणीही बोलले नाही.

पोर्तुगालने २००१ मध्ये सुमारे १० दिवसांच्या वैयक्तिक वापरापुरता अमली पदार्थांचा साठा फौजदारी गुन्ह्यातून काढला. पदार्थ कायदेशीर झाला नाही आणि विक्री गुन्हाच राहिली. सापडलेल्या माणसाला फक्त न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्यांच्या समितीपुढे पाठवतात. धाकाऐवजी उपचाराकडे वळवण्याचा हा विचार सांगलीलाही परका नाही. एचआयव्हीच्या काळात येथील संग्राम संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील महिलांच्याच हाती कंडोमवाटपाचे काम दिले आणि १९९६ मध्ये त्या महिलांची वॅम्प ही स्वतःची संघटना उभी राहिली. पोलिसांना भिणारी बाई दवाखान्याच्या पायरीपर्यंत येत नाही, हे त्यांना तेव्हाच कळले होते. सुईने नशा घेणाऱ्याचेही तसेच होते, तो लपतो आणि दुसऱ्याची सुई वापरतो.

सध्याच्या कायद्यातही वाट आहे, ती फारशी कोणी दाखवत नाही. कलम ६४अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून शासकीय किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी गेली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय उपचारासाठी सोडू शकते. आपल्या ओळखीत असे कोणी असल्यास १४४४६ या व्यसनमुक्तीच्या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करावी, केसपेपर जपून ठेवावेत आणि उपचार अर्धवट सोडू नयेत, कारण ते सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.