रिपोर्टमध्ये विषाणू नाही, मग गोळी कशाला?

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याची अडत असलेले एक भाऊ पत्नीसोबत आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हिपॅटायटिस बी, म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार; त्यावर टेनोफोव्हिरची रोज एक गोळी, चौथं वर्ष. फाइल उघडून त्यांनी विषाणूच्या डीएनए तपासणीच्या निकालावर बोट ठेवलं: 'आढळला नाही'.

"मॅडम, आता तर काहीच नाही निघालं जी. मंग गोळी कायले खाऊ?"

हे विचारायला येणाऱ्यांपेक्षा न विचारताच गोळी सोडणाऱ्यांची मला जास्त धास्ती वाटते. रक्तात विषाणू दिसत नाही, तो गोळी चालू आहे म्हणून. ती त्याची वाढ रोखते; पण यकृताच्या पेशींत त्याचं मूळ दडून राहतं, ते या औषधाने निघत नाही. परस्पर गोळी बंद केली तर विषाणू पुन्हा उसळू शकतो, आणि सिरोसिस (यकृत घट्ट, निबर होणं) असेल तर ते जिवावर बेतू शकतं. काहींची गोळी पुढे थांबवता येते, पण ते तपासण्या पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं.

"म्हणजे जन्मभराचं लागलं," ताई म्हणाल्या.

मी फायब्रोस्कॅनचे, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचे, दोन्ही कागद शेजारी ठेवले. सुरुवातीला 15.2, आता 8.4. सूज उतरल्यानेही हा आकडा खाली येतो, हे खरं. पण यकृत सुधारतं याचे पुरावे पक्के आहेत. 2013 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात टेनोफोव्हिरच्या 5 वर्षांनंतर यकृताचा तुकडा काढून तपासला होता. सुरुवातीला सिरोसिस असलेल्या 96 जणांपैकी 71 जणांत तो उरला नव्हता. भाऊंनी आकडा पुन्हा विचारून घेतला.

यकृताच्या कॅन्सरचा धोकाही घटतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून त्यांची दर 6 महिन्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही. टेनोफोव्हिर चालू असताना किडनीसाठी क्रिएटिनिनही बघत राहायचं. खर्च जड जात असेल त्यांच्यासाठी सांगते: 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर हे औषध मोफत आहे.

उठता उठता मी ताईंना विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली?"

"माही? मले तर कोणी सांगितलंच नाही."

चार वर्षं! हा संसर्ग जोडीदारालाही होऊ शकतो. त्यांना तिथूनच लॅबमध्ये पाठवलं. लागण नसेल आणि आधीचं संरक्षणही नसेल, तर लसीचे 3 डोस. पहिला लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून 6 महिन्यांनी. मुलांची लसीकरणाची कार्डं पुढच्या वेळी आणायला सांगितली आहेत.